मिन्याच्या महादेवीअक्का

महादेवीअक्कांची आणि माझी ओळख एका परत आलेल्या मापामुळे झाली. मी नुकताच कळंबला दातांचा दवाखाना टाकला होता. एसटी स्टँडच्या मागे एक बाई सिरॅमिकचे दात करतात, मापं सोलापूरला पाठवायची गरज नाही, असं शेजारच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं, म्हणून मी एका शाळामास्तरांच्या पुढच्या दाताचं माप त्यांच्याकडे धाडलं. दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं परत आलं. सोबत चिठ्ठी होती : "माणूस पाठवा. रंग कागदावर कळत नाही."

मला राग आला. दातांच्या रंगछटांच्या पट्टीवरचा नंबर मी व्यवस्थित लिहिला होता. मास्तरांना घेऊन मी स्वतःच तिथं गेलो. पत्र्याची एक खोली, दारात कडुनिंब, आत एक लहानशी विजेची भट्टी आणि टेबलाशी बसलेल्या एक ठेंगण्या, सावळ्या बाई. वय पन्नाशीचं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मास्तरांना हाताला धरून बाहेर कडुनिंबाखाली नेलं आणि बोलायला लावलं. मास्तर काय बोलावं ते न सुचून सातवीचा इतिहास सांगू लागले. अक्का दहा मिनिटं त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

आठ दिवसांनी दात आला. त्याच्या कडेला सुपारीचा एक पुसट तपकिरी डाग होता. मास्तर नाराज झाले. नवा दात आणि तोही डागाळलेला? अक्कांचं म्हणणं असं, की बाजूचे सगळे दात सुपारीचे आहेत, त्यात हा एकटा पांढराधोप उभा केला तर लोक मास्तरांशी न बोलता दाताशीच बोलतील. मी तो बसवला. पंधरा दिवसांनी मास्तर सांगत आले, की घरी बायकोला चारदा विचारलं तरी नवा दात कुठला ते तिला ओळखता आलं नाही.

अक्का मूळच्या उमरग्याकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. तरुणपणी सोलापुरात एका लॅबमध्ये कवळ्या घासायच्या कामाला लागल्या आणि बघून बघून सगळं शिकल्या. भाऊ कळंबला आडतीवर आला तेव्हा त्याच्यासोबत आल्या. लग्नाचं कुणी विचारलं तर "जमलं न्हाय" एवढंच सांगत आणि विषय संपत असे. काम कुठलंही आणा, त्या लगेच हो म्हणत नसत. वस्तू हातात घेऊन कानडीत म्हणायच्या, "नोडोण." म्हणजे, बघू या. हे बघणं कधी एक दिवस चाले, कधी चार.

जुन्या दागिन्यांच्या मिन्याचं काम त्यांच्याकडे आलं त्याला थोडासा मी कारण झालो. जवळच्या वाशीहून एक नवी नवरी दवाखान्यात आली होती. जबडा ठणकतो म्हणाली. दात तपासले तर एकही किडलेला नाही, पण सगळे घासलेले. झोपेत दात खाणाऱ्यांचे असे होतात. कसली काळजी आहे का, असं विचारलं तर पोरगी रडायलाच लागली. सासूची एक जुनी सोन्याची कुयरी होती, निजामाच्या काळातली, तिच्यावर हिरव्या मिन्याचा राघू. नात्यातल्या एका लग्नाला घालायची म्हणून हिनं ती लिंबू आणि धुण्याच्या पावडरीत भिजवली आणि राघू निम्मा उडाला. सासूला अजून पत्ता नव्हता. सोनार म्हणाला होता, उरलेलाही खरवडून काढतो आणि नवा रंग भरून देतो.

मिना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली रंगीत काच, आणि दातावरचं सिरॅमिकही त्याच जातीचं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या जोरावर मी तिला अक्कांकडे घेऊन गेलो.

अक्कांनी कुयरी भिंगाखाली धरली. उलटसुलट फिरवून पाहिली. मग विचारलं, धुतलेलं पाणी कुठं ओतलं? मोरीत, पोरगी म्हणाली. "मोरीच्या जाळीवर जे काय आसल ते समदं आणा. ज्या फडक्यानं पुसलं ते धुऊ नका, तसंच आणा." आणि एक अट घातली. सासूला सांगणार असाल तरच काम घेते.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात मोरीतला गाळ आला. अक्का तीन दिवस तो गाळ पांढऱ्या बशीत थोडा थोडा पसरून निवडत होत्या. त्यांना मिन्याचे अकरा कपचे सापडले. मोठ्यातला मोठा मोहरीएवढा.

चौथ्या दिवशी सासूबाई स्वतः आल्या. त्यांचा चेहरा पाहून मी जरा मागेच सरलो. सून दाराशी उभी. अक्कांनी काही समजावलं नाही, सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या डोळ्याला भिंग लावलं आणि खाली कुयरी धरली.

"एका लिंबानं एवढं होत न्हाय, मावशी," अक्का म्हणाल्या. "हे तडे लई जुने हायेत. ह्यांच्यात चिंच बसलीया, वर्षानुवर्षाची. लिंबानं नुस्तं पाडायचं काम केलं."

सासूबाई भिंगातून डोळा न काढता पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "चिंच मी लावायची. दरसाल दिवाळीला."

जाताना त्यांनी सुनेला स्कूटरवर मागं नीट बस म्हणून सांगितलं, एवढंच मला ऐकू आलं.

ते अकरा कपचे जिथल्या तिथं बसवून ती कुयरी पुरी व्हायला अडीच महिने लागले, कारण अक्का स्वतःच आधी शिकत होत्या. कासाराकडून फुटक्या बांगड्या आणायच्या, खलात कुटायच्या, ती पूड तांब्याच्या पत्र्यावर भट्टीत वितळवून बघायची. मोडलेल्या मिन्याच्या कर्णफुलांवर, बटणांवर प्रयोग करायचे. त्यातून त्यांनी आपली पद्धत बसवली. जुना दागिना पाण्यात बुडवायचा नाही. आधी कोरड्या मऊ कुंचल्यानं झाडायचा. मग बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, तो जेमतेम ओला करून, तांदळाएवढी एकेक जागा पुसायची आणि लगेच कोरडी करायची. कडेकपारीत हळदीकुंकवाचं आणि तेलाचं किटण बसलेलं असतं, ते काढायला बाभळीचा काटा. सुईनं मिन्यावर ओरखडा उठतो, काट्यानं उठत नाही. जो मिना सुटायला आलाय त्याच्याखाली पातळ डिंकासारखं एक द्रावण केसानं सोडायचं. आणि जिथं मिना गेलाच आहे तेवढ्याच जागी पारदर्शक राळेत रंग कालवून भरायचा. भट्टी नाही. ही राळ पुन्हा हवी तेव्हा ॲसिटोननं पुसून काढता येत असे.

काढता येईल असं काम कशाला करायचं, मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "उद्या माझ्याहून शहाणं कुणी आलं तर त्याला माझं काढून टाकता आलं पायजे. आन् जुन्या माणसाचं त्याच्या हातात तसंच्या तसं जायला पायजे."

भट्टी न वापरण्यामागे एक गोष्ट होती आणि ती त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काम घेण्याआधी सांगत. कुयरीचं काम चालू असतानाच गावातल्या एका व्यापाऱ्याचा मिन्याचा ताईत त्यांनी दुरुस्तीसाठी भट्टीत घातला होता. पांढरा रंग धुरकटला, लाल काळा पडला, डाक लावलेले जुने सांधे सुटले आणि कडी निखळून खाली पडली. अक्का तो ताईत घेऊन व्यापाऱ्याच्या घरी गेल्या, त्याच्यापुढे ठेवला आणि त्याचं बोलून होईस्तोवर समोर बसून राहिल्या. आमच्या आजाची एवढीच खूण होती, असं तो म्हणाला होता. हे वाक्य अक्का गिऱ्हाइकाला शब्दन् शब्द सांगायच्या. "हे माझ्या हातनं झालंय. आता द्यायचं का न्हाय ते तुमी ठरवा." आपली चूक अशी दारात मांडून ठेवणारा कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही. आम्हा डॉक्टरांत तर नाहीच.

हळूहळू बेंबळी, वाशी, पार लातूर-सोलापूरहून लोक येऊ लागले. दातांचं काम त्यांनी सोडलं नाही, पण दुपारनंतरचा उजेड मिन्यासाठी राखून ठेवला. वस्तू परत देताना सोबत एक कागद देत. त्यावर दागिन्याचं चित्र काढलेलं असे आणि जिथं जिथं त्यांनी भरलंय ती जागा लाल पेन्सिलीनं दाखवलेली. त्याचीच एक नक्कल त्यांच्या वहीत.

ह्या कागदावरूनच एकदा मोठा प्रसंग झाला. शहरातून एक जुन्या वस्तूंचे व्यापारी गाडी घेऊन आले. त्यांच्याकडे एक बाजूबंद होता. पांढऱ्या मिन्यावर लाल फुलं, आणि ज्या अंगाला दंडाची कातडी लागते त्या आतल्या बाजूलाही तेवढंच बारीक काम. तीन जागी मिना उडालेला. अक्का त्या बाजूबंदाच्या प्रेमातच पडल्या. मी माप द्यायला गेलो की मला बळंच भिंगातून बघायला लावायच्या. लाल रंग सगळ्यात अवघड, तो कमी आचेवर बसतो म्हणून सगळ्यात शेवटी भरावा लागतो, आणि ह्या माणसानं तो पाकळीच्या टोकाशी कसा पातळ करत नेलाय बघा, असं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. तीन आठवडे त्या ह्या एका कामाला बसल्या होत्या.

व्यापारी न्यायला आले त्या दिवशी मी तिथंच होतो. त्यांनी बाजूबंद उलटसुलट फिरवून पाहिला, दुरुस्ती कुठली ते त्यांना सापडेना आणि ते खूश झाले. मग अक्कांनी कागद पुढे केला. तो वाचून ते हसले. म्हणाले, बाई, तुमचं काम इतकं चांगलं आहे की ह्या कागदाची गरजच नाही. उलट कुणी फोन करून विचारलंच तर ही वस्तू आपल्याकडे आली नव्हती असं सांगा.

"घेणाऱ्याला तुमी काय सांगणार?" अक्कांनी विचारलं.

"अखंड आहे म्हणून. तसाच तर दिसतो."

अक्का म्हणाल्या, एकदा शेवटचं बघू द्या. त्यांनी बाजूबंद हातात घेतला, काडीला कापूस गुंडाळला, ॲसिटोनच्या बाटलीत बुडवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक, दोन, तीन, तिन्ही जागा पुसून काढल्या. ते व्यापारी खुर्चीतून उठेपर्यंत काम झालंही होतं. खाली उघडं सोनं चमकत होतं.

"तुमी आणला तसा तुमाला दिला," त्या म्हणाल्या. "माझं मी काढून घेतलं."

ते पुष्कळ बोलले. इथल्या लोकांना किंमत नाही, मी असाच दुसऱ्याकडून करून घेईन, वगैरे. अक्कांनी बाजूबंद कापसात गुंडाळून त्यांच्या हाती दिला. गाडी गेल्यावर त्यांनी चहा ठेवला. मला वाटलं, अजून रागात आहेत. कप माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "तीन आठवडे लई चांगले गेले व्हते, डॉक्टर." आणि पदरानं डोळे पुसले.

अक्कांनी केलेला दात रंगात चुकला आहे असं चौदा वर्षांत कधी घडलं नव्हतं. त्यामुळे एका सकाळी त्यांच्याकडून आलेली दातावरची टोपी बाजूच्या दातापेक्षा निळसर दिसली तेव्हा मी आधी माझ्या दिव्याला दोष दिला. मग पेशंटला खिडकीशी नेऊन पाहिलं. निळसरच होती. अक्कांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी चावा उंच लागतोय अशी चिठ्ठी लिहून ती परत पाठवली.

तासाभरात अक्का दवाखान्यात आल्या. पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग आत येऊन म्हणाल्या, "चावा उंच आसता तर तुमीच घासून बसवला आसता. रंग चुकला न्हवं?"

मी व्हय म्हणालो. त्यांनी मान हलवली. डोळे तपासले तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. त्यांना चालता-फिरताना काही अडत नव्हतं, त्यामुळे कळलंच नव्हतं. त्यांच्या भाचीनं, भावाच्या मुलीनं, त्यांना लातूरला नेऊन एकामागून एक दोन्ही ऑपरेशनं करून आणली. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं आणि भाचीला विचारलं, की हे निळं कधीपासून आहे. ते त्या हिरवं समजून वर्षभर नेसत होत्या.

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. घरी येताच त्यांनी वही काढली. गेल्या दोन वर्षांत केलेल्या कामांची पानं दुमडली. सोळा भरली. त्यातल्या ज्यांत निळा, हिरवा किंवा पांढरा रंग होता ती नऊ. त्या नऊ घरी त्यांनी पत्रं टाकली, की माझ्या नजरेचा दोष होता, काम चुकलं असेल, मी येऊन बघणार आहे. मी परोपरीनं सांगितलं, की कुणाच्याही लक्षात आलेलं नाही, उगाच लोकांना शंका का द्यायची? त्यांनी माझ्याकडे एसटीचं वेळापत्रक मागितलं. त्या उन्हाळ्यात भाचीला सोबत घेऊन, पिशवीत सामान घेऊन, एसटीनं त्या आठ गावं फिरल्या. सहा ठिकाणी काम बरोबर निघालं. दोन ठिकाणी त्यांनी तिथंच बसून दुरुस्त केलं.

नववं घर बेंबळीचं होतं. कळंबहून तिथं जायचं तर धाराशिवला गाडी बदलावी लागते आणि अक्कांना आताशा दम लागत होता, म्हणून एका रविवारी मी माझ्या गाडीतून घेऊन गेलो. त्यानंतर दोनच महिन्यांनी अक्का गेल्या. दुपारच्या जेवणानंतर आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मी त्या वेळी परगावी होतो, मातीला पोचू शकलो नाही. मधल्या दिवसांत कामापुरत्या भेटी झाल्या, पण माझ्या मनात राहिलेलं त्यांचं शेवटचं चित्र बेंबळीचंच आहे.

तिथल्या गयाबाई अक्कांच्याच वयाच्या, घरची शेती, अंगण सारवलेलं. त्यांची आईकडून आलेली मोराची कर्णफुलं होती. त्यातल्या एका मोराची मान अक्कांनी भरली होती. अक्कांनी पांढऱ्या रुमालावर दोन्ही शेजारी ठेवली. उन्हात मला काहीच फरक दिसेना. अक्कांनी रुमाल उचलून गोठ्याच्या सावलीत नेला. तिथं मात्र दिसलं. एक मान गडद निळी, दुसरी कणभर हिरवट.

गयाबाईंना ते काढून पुन्हा करायचं पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अक्का, आवं कानात घातल्यावर दोन्ही कान एका वक्ताला कुणाला दिसतेत?"

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. "खरं हाय," म्हणाल्या. "पर आता म्या बघितलं न्हवं."

गयाबाईंनी आणखी वाद घातला नाही. अंगणात पाट मांडून दिला. अक्कांनी ॲसिटोनच्या एका थेंबानं आपला जुना रंग पुसला, काट्यानं कडा साफ केल्या आणि निळा कालवायला घेतला. एक निळा, मग त्यात सुईच्या टोकाएवढा काळा, मग तो टाकून दुसरा. सावली सरकली तसा पाट सरकत गेला. गयाबाईंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक दिलं. अक्का जेवायला उठल्या नाहीत, नुसतं ताक प्यायल्या. चार वाजता त्यांनी काम पुरं केलं, राळ वाळू दिली आणि गयाबाईंना म्हणाल्या, घाला.

गयाबाईंनी फुलं घातली. अक्कांनी त्यांची हनुवटी दोन बोटांत धरली आणि त्यांचं तोंड आधी एका अंगाला वळवलं, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या अंगाला. त्यांना उन्हात उभं केलं, मग सावलीत नेलं. गयाबाई, साठी उलटलेली बाई, शाळेच्या गॅदरिंगला नटवलेल्या पोरीसारखी गुमान मान वळवत होती आणि मधूनच डोळे मिटून घेत होती. मला कळंबला संध्याकाळचे पेशंट होते. मी गाडीपाशी जाऊन दोनदा हाक मारली, एकदा हॉर्नही वाजवला. गोठ्याच्या सावलीतून अक्कांनी मागं न बघता नुसता हात वर केला, की थांबा, आणि गयाबाईंचा दुसरा कान उजेडाकडे वळवला.